पॅरालीगलचं काम कर, पण कोर्सचे ४५ हजार भरू नको

पत्र असं आहे : "ताई नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २३, बीकॉम झालं, ५४ टक्के पडले. सध्या गावच्या सेवा केंद्रात बसते, दाखले, सातबारे, पीकविम्याचे फॉर्म ऑनलाईन भरून देते. मागच्या वर्षी शेजारच्या काकूचा नवरा वारला, सातबाऱ्यावर तिचं नाव काही चढत नव्हतं, पटवाऱ्याकडे चकरा मारून ती थकली होती, तर मी तिच्यासोबत फिरले आणि काम झालं. तेव्हापासून डोक्यात बसलं की हेच करावं. मग मोबाईलवर पॅरालीगलच्या, म्हणजे वकील नसून कायद्याच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्याच्या, ऑनलाईन कोर्सची जाहिरात आली, सहा महिने, फी ४५ हजार, नोकरीची हमी म्हणतात. इकडे तालुक्यातले एक वकील साहेब म्हणून राहिले की ऑफिसात ये, महिन्याचे सहा हजार देतो. बाबा म्हणतात पोलीस भरती कर नाहीतर पोरगं पाहतो. आई गुपचूप म्हणते कापसाचे आले की कोर्सचे पैसे देते. काय करू? नाव छापू नका."

पोरी, आधी ते ४५ हजार. भरू नको. आईला आजच सांग की ते पैसे घरातच राहू दे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, म्हणजे त्या भावाने गेला असं धरलं तरी साडेपाच क्विंटल कापूस एका कोर्सात जातो, आणि त्यात वेचाईची मजुरी, बियाणं, फवारणी काहीच धरलेलं नाही. बरं एवढं घालून हाती काय येणार, तर एक सर्टिफिकेट, जे आपल्या देशात पॅरालीगलचं काम करायला कोणता कायदा मागतच नाही. वकिलाला सनद म्हणजे वकिलीचा परवाना लागते, वकिलांची नोंद ठेवणाऱ्या बार कौन्सिलमध्ये नाव लागते, पॅरालीगलसाठी अशी कौन्सिल नाही, परवाना नाही, सरकारी परीक्षा नाही. काकूचं काम तू कोणत्या सर्टिफिकेटवर केलंस सांग बरं?

पॅरालीगलच्या नोकऱ्या नाहीतच असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये, बँका आणि कंपन्यांच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये आहेत. करार तपासायचे, कागदांच्या याद्या लावायच्या, कंपन्यांचं फायलिंग पाहायचं, सगळं इंग्रजीत, आणि तिथे रांगेत तुझ्यापुढे एलएलबी झालेली आणि कंपनी सेक्रेटरीचं शिकलेली पोरं उभी राहतात. अमेरिकेत हा मोठाच व्यवसाय आहे, पण तिथली कोर्टं वेगळी, कायदे वेगळे. जाहिरातीत पगाराचे आकडे दाखवले असतील तर ते कोणत्या शहरातले, कोणाला मिळालेले, एवढं त्यांना विचार, आणि "नोकरीची हमी" लेखी मागून पाहा, नोकरी नाही लागली तर फी परत अशी ओळ त्यात आहे का. उत्तर काय येते त्यावरून तुझं तुलाच कळून जाईल.

आता आपल्या इकडे हे काम आहे कुठे ते सांगते, कारण काम आहे आणि भरपूर आहे, फक्त त्याची पगारी नोकरी फारशी नाही, आणि सगळा निर्णय या एका गोष्टीवर येऊन थांबतो.

पहिली जागा तुझ्या तालुक्याच्या कोर्टातच आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तो १९९५ पासून लागू झाला, त्याच्याखाली जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, समितीचे अध्यक्ष तिथले सिनियर न्यायाधीशच असतात. २००९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने पॅरा लीगल व्हॉलंटियरची योजना आणली, आपण विधी स्वयंसेवक किंवा पीएलव्ही म्हणतो. दहावी शिकलेला माणूसही चालतो, अंगणवाडी सेविका, रिटायर मास्तर, बचत गटातल्या बाया, कॉलेजची पोरं असे सगळे घेतात. निवड झाली की ट्रेनिंग देतात, ओळखपत्र देतात, मग कधी कोर्टातल्या फ्रंट ऑफिसला, कधी पोलीस स्टेशनला, कधी गावच्या कायदे शिबिराला, कधी लोक अदालतीला ड्यूटी लागते. म्हणजे ज्या शिक्षणासाठी तो कोर्सवाला तुझ्याकडे ४५ हजार मागून राहिला, त्यातलं आपल्या गावाला लागणारं बरंचसं सरकार तुला फुकटात शिकवते.

पण नीट समजून घे, ही नोकरी नाही. ज्या दिवशी ड्यूटी त्या दिवसाचं मानधन, तेही लगेच हातात पडेल असं नाही, आणि लोकांकडून एक रुपया घ्यायचा नाही, चहासुद्धा नको म्हणायची सवय लावून घे. ओळखपत्र मुदतीचं असते, कायमची पोस्ट नाही. ह्याच्यावर घर चालवायचं असं मनात असेल तर आत्ताच काढून टाक.

तुझ्यासारख्यांची गरज किती आहे ते मात्र मी रोज पाहते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि अजूनही बाया घरातलं मंगळसूत्र मोडून वकिलाची फी घेऊन येतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसते की बाई असेल तर तिला मोफत वकील मिळते आणि त्यासाठी उत्पन्न पाहतच नाहीत. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ काढून वाच, त्यात बाया आहेत, लहान मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, अपंग आहेत, जेलमध्ये असलेला माणूस आहे, आपत्तीत सापडलेला आहे. अर्ज एका पानाचा असते. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. हे एवढंसं सांगणारं माणूस गावात नसल्यामुळे कर्ज होते, हे मला फार लागते, म्हणून तुझं पत्र वाचून बरं वाटलं.

आता काकूचं प्रकरण. तू ते दोन ओळीत संपवलंस, पण त्या दोन ओळीत काय काय असते ते मला माहीत आहे. मृत्यूच्या दाखल्यावर रामभाऊ, सातबाऱ्यावर रामचंद्र, आधारवर बापाचं नाव वेगळं लागलेलं, बायकोचं नाव रेशनकार्डावर लग्नानंतरचं आणि बँकेत माहेरचं. आता हा रामभाऊ आणि तो रामचंद्र एकच माणूस हे शपथपत्राने दाखवा, मग सगळ्या वारसांची यादी करा. यादीत घोळ असतोच, कारण घरचे म्हणतात पोट्ट्याचं नाव लावा न मोकळे व्हा, पण हिंदू वारसा कायद्यात बायको, पोरगा, पोरगी हे तर वारस आहेतच आणि सासू जिवंत असेल तर तिचंही नाव येते, हे घरात कुणी बोलत नाही. आणि जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर पडून राहिली असेल तर लग्न होऊन गेलेल्या नणंदा पण वारस, मग त्यांना बोलवा, एक आदिलाबादला दिलेली, तिला फोन करा, ती म्हणते मी दिवाळीला येते. हे झालं की अर्ज, गाव नमुना ६-क मध्ये वारसाची नोंद, चौकशी, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, कुणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींत जाते, नाही घेतली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव दिसते. आता सरकारच्या ई-हक्क प्रणालीवर हा अर्ज ऑनलाईन करता येते पण कागदच जुळत नसतील तर ऑनलाईन होऊन काय उपयोग.

तू हे सगळं केलंस आणि काकूचं नाव चढलं. यातला कोणता भाग तुला आवडला हे स्वतःला खरं खरं विचार. काकूच्या डोळ्यात पाणी आलं, गावात चार लोक चांगलं बोलले, ते आवडलं का? ते तर कुणालाही आवडते. पण रामभाऊ-रामचंद्र असा घोळ तुला स्वतःहून दिसला का, की पटवाऱ्याने अर्ज परत फेकल्यावर कळलं? कागद दुसऱ्यांदा वाचायला कंटाळा आला की अजून एखादी चूक सापडते का म्हणून तू मुद्दाम वाचून काढलास? तिसऱ्या चकरेला ऑफिस बंद निघालं तेव्हा तुझं डोकं फिरलं की तू तारीख लिहून ठेवून पुन्हा गेलीस? कारण हे काम नव्वद टक्के तेच आहे. तारखा, नावं, शिक्के, झेरॉक्स, पोच. कोणताही अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, एवढी एक सवय ज्याला लागली त्याला मी अर्धा पॅरालीगल समजते. लोकांबद्दल कळवळा बऱ्याच पोरापोरींना असते, पण कळवळा आणि पोच दोन्ही सांभाळणारं माणूस शोधून सापडत नाही.

आणि तुझ्या भागात सातबारा हे तर सोपं प्रकरण म्हटलं पाहिजे. शेतकरी आत्महत्येचं घर असेल तर एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी पोलिसांचा पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, कर्जाचे कागद, जमिनीचे कागद, सगळं जुळवावं लागते आणि जिल्ह्याची समिती पात्र की अपात्र ठरवते, आणि हे सगळं त्या बाईने करायचं जिच्या घरी तेरवी पण झालेली नसते. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेलीस तर वनहक्काचे दावे आहेत, २००६ चा कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो याचे पुरावे गोळा करायचे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यायचे. एखादी बाई रात्री मार खाऊन येईल, तिच्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, अर्ज दिल्यावर साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख लागावी आणि साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात जास्त लागते आणि ते तिला आधीच सांगावं लागते. अशी बाई समोर बसली की पहिल्यांदा फॉर्म काढायचा नाही. पाणी दे, आज रात्री ती कुठे झोपणार ते विचार, लेकरं कुठे आहेत ते विचार, दवाखान्यात दाखवलं का ते विचार, आणि ती बोलून मोकळी झाली की मग पेन उचल.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. खेड्यात हे काम करणाऱ्या पोरीला समोरचा माणूस अनोळखी नसते. ज्याने बायकोला मारलं तो तुझ्या चुलत भावाचा दोस्त निघते, ज्याने बहिणीचं नाव सातबाऱ्यावर येऊ दिलं नाही तो सरपंचाच्या घरचा निघते, आणि मग तुझ्या बाबाला पारावर कुणीतरी म्हणते, "पोट्टीले आवरा ना भाऊ, कायले लोकायच्या घरात घुसते." हे होणार. आणि ऐकलेलं पोटात ठेवावं लागते, आईजवळ सुद्धा बोलायचं नाही, मैत्रिणीजवळ तर नाहीच. हे जमेल का याचा विचार जाहिरात पाहून होत नाही, एकदोन प्रकरणात बसल्यावरच होते, म्हणून मी तुला पीएलव्हीचा रस्ता आधी दाखवून राहिले.

आता वकील साहेबांचे सहा हजार. माणूस चांगला असेल, मी त्यांना ओळखत नाही, वाईट बोलणार नाही. पण आत्ता जाऊ नको. एक तर रोजचं जाणं-येणं, बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तरी संध्याकाळची गाडी हुकली की काय, हे तुला माहीत आहे. दुसरं, तालुक्याच्या वकिलाच्या ऑफिसात नवीन पोरीच्या वाट्याला पहिले किती महिने तरी झेरॉक्स, टायपिंग आणि पक्षकाराला फोन करून "उद्या पेशी आहे, या" सांगणं एवढंच येते. त्याही कामाला किंमत आहे, जुने मुन्शी लोक, म्हणजे वकिलांचे कारकून, पाहशील तर कोर्टाची नस त्यांच्याएवढी कुणालाच माहीत नसते, वकीलपत्र कुठे लावायचं, नकलेचा अर्ज कोणत्या टेबलला, पुरशिस म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं कधी द्यायची, रोजनाम्यात म्हणजे केसच्या रोजच्या नोंदीत आज काय लिहिलं गेलं, तोंडपाठ असते त्यांना. मी स्वतः सुरुवातीला पुस्तकापेक्षा जास्त अशाच एका मुन्शीकाकांकडून शिकले. पण कित्येक मुन्शी आयुष्यभर तिथेच राहिले, ना पेन्शन, ना पीएफ, वकील साहेबांनी प्रॅक्टिस बंद केली की हे घरी. तुझं वय २३ आहे आणि हातात डिग्री आहे, तुला मी त्या खुर्चीवर कायमची बसवणार नाही.

साहेबांना नाही म्हणू नको, थांबा म्हण. जूनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून कोर्ट भरले की येते म्हणून सांग, आणि तेव्हा जाताना तीन गोष्टी बोलून घे : पैसे कोणत्या तारखेला मिळतील, एखादी केस पहिल्या भेटीपासून दाखल होईपर्यंत सोबत बसून पाहू द्याल का, आणि कॉलेज लागलं तर वेळ जुळवून द्याल का. तिसऱ्याला हो म्हणणारा वकील मिळाला तर सहा हजार कमी वाटले तरी जा. तोपर्यंत महिन्यातून एखाद्या दिवशी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसत जा, कोर्ट सगळ्यांना खुलं असते, बसायला कुणाचा पास लागत नाही. जिल्हा आणि तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, तुला बरंच समजेल. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप घे, एखाद्या केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) टाकून केसच्या तारखा कशा पडत गेल्या ते पाहा, अर्धा दिवस त्यातच जाईल.

कॉलेज म्हणजे एलएलबी, आणि हेच मला तुला सगळ्यात जास्त ठासून सांगायचं आहे. पॅरालीगलचं काम शीक, त्यात मुरून जा, पण तिथेच थांबू नको. आपल्या इकडे पॅरालीगलला पुढची पायरी नाही, बढती नाही, आणि अधिकारही फार थोडे. कोर्टात उभं राहून बोलायचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलाला दिलेला आहे, सनद नसताना वकिली केली तर शिक्षा आहे. काकूसाठी तू पटवाऱ्यापर्यंत गेलीस, उद्या तिच्या दिराने दावा लावला तर तुला फाईल दुसऱ्याच्या हातात देऊन बाहेर बाकावर बसावं लागेल. तेव्हा तुला फार वाईट वाटेल, तुझं पत्र वाचून मला तेवढं तरी कळते.

तू बीकॉम आहेस, ५४ टक्के आहेत, तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या वर्गालाही ४५ टक्के लागतात, म्हणजे तू बसतेस. राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते, पेपर मराठीतही असते, फॉर्म साधारण हिवाळ्यात सुटतात, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी. (मुक्त विद्यापीठातून डिग्री घेतलेल्या वाचकांनी एक पाहून घ्या, बारावी न करता थेट डिग्री केली असेल तर एलएलबीला अडचण येते.) यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आहे, नागपूरला तर आहेतच. फीचं म्हणशील तर ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, आणि एससी-एसटीसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्ती वेगळी आहे. तू कशात बसतेस ते कॉलेजच्या ऑफिसात कागद घेऊन जाऊन विचार, दाखले काढायला तर तुला दुसऱ्याकडे जायचं कामच नाही. हजेरी मात्र ७० टक्के लागते, घरी बसून एलएलबी होते असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नको. खर्च खरा येतो तो खोलीचा आणि जाण्या-येण्याचा, आईने जे पैसे कोर्ससाठी द्यायचे ठरवले होते ते इथे लागतील.

पुढे सनद घ्यायची म्हटलं तर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की नोंदणीची फी कायद्यात आहे तेवढीच घ्यायची, खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५. आधी राज्याराज्यात हजारोंनी घेत होते. मग बार कौन्सिलची ऑल इंडिया परीक्षा. आणि आपल्या इकडच्या पोरींनी हे होत नाही असं समजू नको, अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, कायद्याचं शिक्षणही अमरावतीतच. सगळे काही तिथे पोचत नाहीत, पण आपल्याच विद्यापीठाच्या डिग्रीवर तिथवर जाता येते एवढं तरी त्यातून दिसते.

वकिली नको वाटली तरी एलएलबी वाया जात नाही. कोर्टाच्या कनिष्ठ लिपिकाच्या भरतीत डिग्री लागते, इंग्रजी ४० आणि मराठी ३० च्या स्पीडचं सरकारी टायपिंग लागते, आणि कायद्याच्या पदवीधराला प्राधान्य देतात. म्हणून टायपिंगचा क्लास आत्ताच लाव, तो खर्च करण्यासारखा आहे, तालुक्यातच होते. जिल्ह्याला लोक अभिरक्षक कार्यालय असते, आरोपींना मोफत बचाव देणारं, तिथेही ऑफिस असिस्टंट आणि डेटा एंट्रीच्या जागा कंत्राटी का होईना निघतात. पगारी पॅरालीगल म्हणता येईल असं आपल्या जिल्ह्यांत मला जे दिसते ते बहुतेक हेच.

एक इशारा, आणि हा मी कडक शब्दात देते. तू सेवा केंद्रात बसतेस आणि तुझ्यापुढे रोज अडलेला माणूस येते. काही दिवसांत कुणीतरी म्हणेल की केस माझ्याकडे पाठवत जा, तुझं तुला देऊन टाकतो. घेऊ नको. कमिशनवर पक्षकार आणून देणारा दलाल असतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यात दलालांची यादी करून कोर्टाच्या आवारातून बाहेर काढायची आणि शिक्षेची तरतूद आली आहे. कायद्याचं जाऊ दे, काकूला उद्या कळलं की आपल्या नावावर पोरीने पाचशे रुपये खाल्ले तर तिला काय वाटेल. केंद्राचं काम केंद्राच्या रेटबोर्डाप्रमाणे, पावती देऊन, आणि पीएलव्ही म्हणून केलेलं काम एकदम वेगळं, त्याची वेगळी वही ठेव. आणि पुढे वकिलाच्या ऑफिसात जाशील तेव्हा समितीला तसं सांगून पीएलव्हीची ड्यूटी थांबव, दोन्ही सोबत ठेवलंस तर तू कितीही सरळ असलीस तरी लोक म्हणणारच की साहेबासाठी गिऱ्हाईकं पकडते.

बाबाचं राहिलं. पोलीस भरती वाईट नाही, गावोगावच्या पोरी पहाटे रस्त्यावर पळताना मी पाहते आणि मला त्यांचा अभिमान वाटते, पण तुझ्या अख्ख्या पत्रात भरतीची इच्छा एका शब्दाने नाही. बाबाला भीती पोरीच्या रिकाम्या बसण्याची आहे, आणि ती खोटी नाही. त्यांना "मला पॅरालीगल व्हायचं आहे" असं सांगशील तर त्यांना त्यातलं काही कळणार नाही, मोबाईलवरचं खूळ वाटेल. त्याऐवजी तारखा सांग : सेवा केंद्र चालूच ठेवते, या महिन्यात विधी सेवा समितीत अर्ज देते, टायपिंगची परीक्षा अमुक महिन्यात, सीईटी अमुक महिन्यात, मार्क आले तर यवतमाळ. आणि लग्नाचं म्हणत असतील तर सीईटीच्या निकालापर्यंत थांबा, एवढंच मागून घे, एकदम तीन वर्षांचं मागशील तर तिथेच वाद होईल. जमलं तर त्यांना एकदा कोर्टात सोबत ने, न्यायाधीश मॅडम डायसवर बसलेल्या दिसल्या की बापाचं मत बदलताना मी पाहिलेलं आहे.

अर्जाचं विचारशील तर तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या बिल्डिंगमध्येच असते, दुपारच्या सुट्टीत जाऊ नको, क्लार्कला विचार की विधी स्वयंसेवकाची भरती चालू आहे का, नसेल तर पुढची कधी, आणि जिल्हा कोर्टाच्या वेबसाईटवरही नोटीस येते ती पाहत राहा. भरती बंद असली तरी साधा अर्ज लिहून दे, त्यात सेवा केंद्राचा अनुभव लिही, काकूच्या वारस नोंदीचं लिही पण तिचं नाव लिहू नको, सोबत डिग्रीची झेरॉक्स आणि आधार जोड, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे.